लेबल मशीनच्या तक्रारी: आधी टेप बघा, मग मशीन

मागच्या अंकात हातात मावणाऱ्या लेबल मशीनबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, बहुतेकांनी मशीन बिघडलं असं ठरवूनच टाकलंय, दुकानदार पण सरळ नवीन घ्या म्हणतोय, आणि नीट बघितलं तर दोष निघतो टेपचा, सेलचा नाहीतर टेप बसवण्यातला. म्हणून कळकळीने सांगते, चालतं मशीन टाकून देऊ नका.

आधी आपलं मशीन कुठल्या प्रकारचं ते बघून घ्या, म्हणजे खालची उत्तरं लागू पडतील. एक प्रकार कॅसेटवाला, ब्रदरचं पी-टच किंवा डायमोचं लेबलमॅनेजर, ज्यात टेप आणि काळी रिबन एकाच कॅसेटमध्ये येते आणि रिबनवरची शाई गरम हेडने (छापणाऱ्या पट्टीने) टेपवर उतरते. दुसरा प्रकार मोबाईलवरून ब्लूटूथने चालणारा, निमबॉट, फोमेमो वगैरे, त्यात शाई नाही आणि रिबनही नाही, कागदच असा असतो की गरम झाला की काळा पडतो.

प्रश्न (पुणे): ब्लूटूथवालं मशीन आहे. पहिला रोल मस्त चालला, दुसरा टाकला तर सगळी लेबलं कोरी बाहेर येतायत. मोबाईल म्हणतो प्रिंट झालं. शाई कुठे भरायची?

उत्तर: ताई, शाई यात नसतेच, त्यामुळे संपायचा प्रश्न नाही. रोल उलटा बसलाय, दहातल्या नऊ वेळा हेच असतं. एक लेबल फाडून घ्या आणि छापायच्या बाजूवर नखाने जोरात रेघ ओढा, करडी-काळी रेघ उमटली तर ती बाजू उष्णतेची. काही लेबलांवर वरून प्लास्टिकचा थर असतो, त्यावर नखाची रेघ दिसत नाही, मग पेटती अगरबत्ती न टेकवता जवळ न्या, लगेच काळा डाग पडेल. ती बाजू मशीनच्या हेडकडे यायला हवी. दोन्ही बाजूंना काहीच उमटत नसेल तर रोलच साधा स्टिकरचा आहे, दुकानातून बदलून घ्या.

अजून एक, निमबॉटसारखी मशीन रोलमधली छोटी चिप वाचतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा स्वस्त रोल मापाने बरोबर बसला तरी मशीन तो घेत नाही किंवा ॲपमध्ये एरर दाखवतं. मशीन घ्यायच्या आधी त्याचे रोल कुठे आणि कितीला मिळतात ते विचारून घ्यायचं ते यासाठीच.

प्रश्न (नाशिक): ऑफिसात फायलींसाठी कॅसेटवालं मशीन आहे. प्रिंट दिलं की करकर आवाज येतो, टेप अर्धी येऊन अडकते. उघडून बघितलं तर काळी रिबन बाहेर लोंबत होती. रिपेअरवाला हेड गेलं म्हणतोय.

उत्तर: हेड गेलं असतं तर अक्षरं आली नसती, टेप अडकली नसती. हे दोन वेगळे आजार आहेत.

टेप अडकते ती बहुतेक घाईमुळे. प्रिंट चालू असताना लेबलाचं टोक दिसलं की लोक ते ओढतात, किंवा मोटर थांबायच्या आधीच कटर दाबतात. टेप पुढे खेचली जाते, रिबन मागेच राहते, मग तिचा लूप बाहेर येऊन रोलरला गुंडाळतो, आणि तुम्ही ऐकताय तो आवाज त्या अडकलेल्या रोलरचा. आता काय करा, मशीन बंद करा, मागचं झाकण उघडा, कॅसेट तिरकी न करता सरळ वर उचला. रोलरला चिकटलेले तुकडे चिमट्याने काढा, ब्लेड किंवा पिन अजिबात लावू नका, रबरावर चरा पडला की प्रत्येक लेबलवर तो दिसतो. मग कॅसेटच्या पोटाकडे बघा. तिथे रिबन ताठ दिसायला हवी. सैल असेल तर रिबनच्या चाकाच्या भोकात पेन्सिल घालून कॅसेटवरच्या बाणाच्या दिशेने हळूहळू फिरवा, झोळ गेला की थांबा. टेपचं टोक गाईडच्या खालून बाहेर आलंय ना तेवढं बघा, कारण टोक गाईडच्या वरून राहिलं की पुन्हा हेच होणार. कॅसेट बसवल्यावर टक असा आवाज येईपर्यंत दाबा, झाकण लावा, एकदा फीड करून (न छापता टेप पुढे सरकवून) तो तुकडा कापून टाका आणि मग प्रिंट द्या.

रिबन फाटली असेल किंवा लांबवर चुरगळली असेल तर ती कॅसेट गेलीच, जोडत बसू नका. टाकायच्या आधी उघडून बघा मात्र. ब्रदरच्या लॅमिनेटेड कॅसेटमध्ये तीन रिळं दिसतील, एक पारदर्शक फिल्मचं, एक रिबनचं, एक गोंदवाल्या पट्टीचं. अक्षरं फिल्मच्या खालच्या बाजूला उलटी छापली जातात आणि वरून पट्टी येऊन चिकटते, म्हणजे शाई दोन थरांच्या मध्ये बंद होते. म्हणून ते लेबल ओल्या फडक्याने पुसलं, नखाने खरवडलं तरी अक्षर जात नाही. मला ही रचना फार आवडते, इतक्या छोट्या डबीत तीन रिळं एका वेगाने चालतात.

आणि हो, टेपवर अचानक पट्टे दिसायला लागले तर घाबरू नका, ती टेप संपत आल्याची खूण आहे.

प्रश्न (कोल्हापूर): घरगुती लोणची-मसाले विकते. बरणीवर नाव, तारीख ब्लूटूथच्या मशीनने छापून लावते. महिन्याभरात तारीख फिकी, काही बरण्यांवर तर गायबच. कागद खराब आला का?

उत्तर: कागद खराब नाही ताई, तो या कामाचा नाही. उष्णतेने काळा होणारा कागद ऊन, गॅसजवळची धग, तेल आणि सॅनिटायझर या चौघांपुढे टिकत नाही. तेलाचा हात लागला की अक्षर विरायला लागतं, आणि लोणच्याच्या बरणीला तेल लागणारच. अंधाऱ्या कोरड्या कपाटातल्या डब्यांना हीच लेबलं छान चालतात, शाळेच्या वह्यांनाही चालतील. पण विकायच्या मालावरची तारीख पुसली जाणं हा गिऱ्हाइकाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, तिथे तडजोड नको. एकतर रिबनवाल्या मशीनवर लॅमिनेटेड टेप वापरा, नाहीतर लेबल साध्या प्रिंटरवर छापून तारीख पक्क्या मार्करने लिहा. वरून सेलोटेप लावायचा उपाय बऱ्याच जणी करतात, तो करू नका, काही टेपच्या गोंदानेच उष्णतेने उमटलेली अक्षरं उडतात.

लेबल लावायची बरणी कोरडी आणि तेलमुक्त हवी, फ्रीजमधली असेल तर आधी बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, लेबल दाबून लावा, थोडा वेळ तशीच राहू द्या आणि मगच परत ठेवा. गार बरणीवर पाण्याचा थर असतो, त्यावर कुठलाच गोंद धरत नाही.

प्रश्न (ठाणे, इलेक्ट्रिशियन): डीबीतल्या (विजेच्या मुख्य पेटीतल्या) एमसीबीला, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचला, लेबल लावतो. नवे सेल टाकले तरी मधेच मशीन बंद पडतं. आणि वायरवर लावलेली लेबलं दोन दिवसात उलगडतात.

उत्तर: दादा, आधी सेलचं. टाईप करताना मशीन फार कमी करंट खातं, पण प्रिंट दिलं की हेड तापतं आणि मोटर फिरते, तेव्हा एकदम ओढ बसते. घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त सेल तिथे मान टाकतात. पॅकेटवर अल्कलाईन लिहिलेले घ्या, सगळे एकदम बदला, चार जुने दोन नवे असं नको. रिचार्जेबल टाकत असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा, साधा सेल १.५ व्होल्टचा आणि रिचार्जेबल १.२ चा, म्हणजे सहा सेलच्या मशीनमध्ये ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात. काही मशीनना ते चालतं, काहींना नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ॲडॉप्टर लावणार असाल तर त्याच मॉडेलचा लावा, साईटवर पडलेला राउटरचा १२ व्होल्टवाला लावून बघू नका, पिन तीच बसते पण व्होल्टेज वेगळं आणि प्लस-मायनसही उलटं असू शकतं.

वायरचं म्हणाल तर साधी टेप ताठ असते, गोल वळवली की सरळ व्हायला बघते आणि सुटते. केबलसाठी लवचिक टेप वेगळी मिळते, ती घ्या. बारीक वायरला लेबल गुंडाळण्यापेक्षा झेंडा करा, म्हणजे तेच नाव दोनदा छापून मधे वायर धरायची आणि दोन्ही टोकं पाठीला पाठ लावून चिकटवायची. बऱ्याच मशीनमध्ये त्याची सोयच असते.

प्रश्न (नागपूर): प्रत्येक लेबलवर एकाच जागी लांबच्या लांब पांढरी रेघ येते.

उत्तर: हेडवर धूळ किंवा गोंद बसलाय. हेड जागेवर स्थिर असतं आणि टेप सरकते, म्हणून एक ठिपका जरी झाकला गेला तरी त्याची पूर्ण लांबीची रेघ होते. २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या मशीनमध्ये एका मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे कण किती बारीक पुरतो बघा. मशीन बंद करून गार होऊ द्या, कॅसेट किंवा रोल काढा, कानकोरण्याच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेडवरून हलकेच फिरवा, वाळू द्या. दोन-तीनदा करूनही रेघ तिथेच राहिली तर मात्र तो ठिपका जळालाय, आणि इथे 'हेड गेलं' म्हणणारा रिपेअरवाला बरोबर असेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): एवढंसं नाव छापलं तरी पुढे बोटभर कोरी टेप वाया जाते.

उत्तर: हेड आणि कटर यांच्यात अंतर असतं, तेवढी टेप आधी बाहेर यावीच लागते, हा बिघाड नाही. मार्जिन कमी करायचा पर्याय मेनूत शोधा, आणि लेबलं एकेक न छापता चेन प्रिंटिंगने सलग छापा, मग कोरा तुकडा एकदाच जातो. सगळे डबे आधी कागदावर लिहून काढलेत तर टेप खरंच वाचते.

प्रश्न (सोलापूर, शिक्षिका): वर्गातल्या वस्तूंना मराठीत नावं लावायचीत. कीबोर्डवाल्या मशीनमध्ये मराठी नाही, ॲपमध्ये टाईप केलं तर जोडाक्षरं फुटतात.

उत्तर: बाई, कल्पना फार छान आहे, ती सोडू नका. कीबोर्डवाल्या मशीनवर मराठी नसेल तर त्यात ती घालता येत नाही, तिथे वेळ घालवू नका. ब्लूटूथवाल्यात आधी ॲपमधला फॉन्ट बदलून बघा, नुसता इंग्रजीचा सुशोभित फॉन्ट निवडला की 'स्त्री', 'क्ष', 'र्य' अशी अक्षरं हमखास मोडतात. तरी जमलं नाही तर हा उपाय हमखास चालतो, शब्द मोबाईलवर दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये काळ्या जाड अक्षरात पांढऱ्यावर लिहा, फोटो म्हणून सेव्ह करा आणि लेबलच्या ॲपमध्ये चित्र म्हणून घाला. मशीनला चित्र म्हणजे नुसते काळे-पांढरे ठिपके, भाषा कुठली त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फक्त अक्षर मोठं ठेवा, वेलांट्या, मात्रा, रफार बारीक लेबलवर चिकटून काळा गोळा होतो, आणि मुलं तर त्याच बघून अक्षर शिकणार आहेत.

प्रश्न (बंगळुरू): मोबाईल मशीन शोधतच नाही.

उत्तर: मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडलं असेल तर तिथून काढून टाका आणि ॲपमधूनच जोडा. अँड्रॉइड १२ पासून ॲपला जवळची डिव्हाइस शोधायची परवानगी लागते, त्याआधीच्या फोनला लोकेशन चालू लागतं. घरातल्या दुसऱ्या फोनला मशीन आधीच जोडलेलं असेल तर तेही सोडवा.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळाभर मशीन कपाटात होतं. आता काढलं तर चालूच होत नाही, सेलच्या खाचेत पांढरी बुरशी आलीय.

उत्तर: काका, ती बुरशी नाही, सेल गळलेत. हातात रबरी मोजे घालून सेल काढा. अल्कलाईन सेलची गळती क्षारयुक्त असते, म्हणून कापसाला दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पत्र्या पुसा, मग अल्कोहोलच्या कापसाने पुन्हा पुसून पूर्ण वाळू द्या. हिरवट राहिलंच तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. स्प्रिंग खाऊन तुटली नसेल तर मशीन चालू होईल, मात्र साठवून ठेवलेली लेबलं पुसली गेली असतील, ती पुन्हा टाईप करावी लागतील. महिनाभर वापर नसेल तेव्हा सेल काढूनच ठेवा, आणि टेपच्या कॅसेट दमट कपाटात न ठेवता झिप पिशवीत घालून उभ्या ठेवा.