तिकीट 15 चं, विमान 14 च्या रात्रीचं

(परदेश प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं, जून 2022. यातले कोविडच्या टेस्टचे, लसीचे आणि फॉर्मचे नियम तेव्हाचे आहेत, आता ते राहिलेले नाहीत.)

प्रश्न: ताई, मी साताऱ्याचा, वय 67, मिसेस 63. मुलगी न्यू जर्सीत असते, जुलैअखेर तिचं बाळंतपण आहे. दोन वर्षं नुसतं व्हिडिओ कॉलवर भेटतोय, आता विमानं सुरू झाली म्हणून 15 जूनचं मुंबईहून तिकीट काढलंय, रात्री 12:50 चं. दोघांचे कोव्हिशील्डचे दोन डोस झालेत, तिसरा माझा झालाय, हिचा नाही. मला शुगर आहे. शेजारी म्हणतात आता कोविडची टेस्टबिस्ट काही लागत नाही, एजंट म्हणतो लागते. आणि तिकडे जाऊन काही झालं तर काय करायचं?

उत्तर: काका, आधी तिकिटाचंच बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. 15 तारखेचं 12:50 म्हणजे आपल्या भाषेत 14 ची रात्र. आपण घरात काय म्हणतो, "14 ला रात्री निघायचंय", आणि मग आदल्या दिवशी टेस्ट म्हणून 13 लाच लॅबमध्ये जाऊन बसतो. ती टेस्ट फुकट जाते! अमेरिकेचा नियम (मी मे अखेरीस लिहितेय) असा की विमान सुटायच्या तारखेच्या एक दिवस आधीपर्यंतचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा. तास मोजत नाहीत, तारीख मोजतात. तुमची तारीख 15, म्हणजे टेस्ट 14 ला दिवसभरात कधीही करा, पण 13 ची नको. एजंटचं बरोबर आहे. शेजारी बहुतेक दुसऱ्या कुठल्या देशाचं सांगत असतील, कारण बऱ्याच ठिकाणी टेस्ट काढून टाकलीय. अमेरिकेतल्या एअरलाइन्सपण तिकडच्या सरकारच्या मागे लागल्यात की ही टेस्ट काढा म्हणून, त्यामुळे निघायच्या दोन दिवस आधी मुलीला सीडीसीच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या) साइटवर एकदा बघायला सांगा.

आता 14 ला सकाळी साताऱ्यात स्वॅब देऊन आरटीपीसीआरचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल का याची वाट बघत गाडीत बसण्यापेक्षा सरळ रॅपिड अँटिजेन करा, अमेरिकेला ती चालते, अर्ध्या तासात निकाल हातात. फक्त घरच्या घरी आपली आपण किटवर केलेली नाही चालत, लॅबमध्येच करा. आणि रिपोर्टवर पूर्ण नावासोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर आहे का ते काउंटरवरून हलायच्या आधी बघा. हे मी ठेच खाऊन सांगतेय. मार्चमध्ये मी लेकीकडे निघाले तेव्हा माझ्या रिपोर्टवर नुसतं "वय 61, स्त्री" एवढंच, आणि चेक-इनची मुलगी शांतपणे म्हणाली, मॅडम हे नाही चालणार. रात्रीचे साडेदहा, फोनला 9 टक्के बॅटरी, यांनी लॅबच्या पोराला झोपेतून उठवलं, त्याने बिचाऱ्याने पासपोर्ट नंबर टाकून पीडीएफ परत पाठवली आणि मी ट्रॉली ढकलत प्रिंट कुठे मिळते ते शोधत फिरतेय. तेव्हापासून रिपोर्ट हातात आला की मी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून बघते.

तीच गोष्ट लसीच्या सर्टिफिकेटची. काकूंचं नाव आधारवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असं तर नाही ना? आपल्याकडे हे घरोघरी आहे. कोविन आधारवरचं नाव उचलतं. तिथे लॉगिन करून "रेज ॲन इश्यू" मध्ये दुरुस्ती करता येते, पासपोर्ट नंबर जोडता येतो आणि पूर्ण जन्मतारखेचं परदेशवालं सर्टिफिकेट काढता येतं. पण ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा करू देत नाहीत, तेव्हा पासपोर्ट समोर ठेवून एकदाच नीट टाईप करा आणि हे काम आजच करा, 10 जूनला नको.

तिसऱ्या डोसचं म्हणाल तर अमेरिकेला तो लागत नाही, दोन पुरतात. पण काकूंच्या दुसऱ्या डोसला 9 महिने झाले असतील तर घेऊन टाका, साठीच्या पुढच्यांना सरकारी केंद्रावर फुकट आहे, आणि तुम्ही तान्ह्या बाळाजवळ जाताय. त्याच कारणासाठी तिकडचे बाळाचे डॉक्टर आजी-आजोबांना टीडॅपची लस घ्यायला सांगतात, डांग्या खोकल्यासाठी असते ती, जायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. म्हणजे अंक हातात पडला की लगेच!

आता खरा प्रश्न, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? हे गृहीत धरूनच निघायचं. तिकीट असं हवं की तारीख बदलता येईल, दोन-चार हजार जास्त गेले तरी जाऊ देत. पॉझिटिव्ह आलं तर पूर्ण 10 दिवस प्रवास नाही. नंतर पुन्हा टेस्ट करून निगेटिव्हची वाट बघत बसू नका, आरटीपीसीआर कधीकधी बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दाखवते. 90 दिवसांच्या आतला तो पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि "आता प्रवासाला हरकत नाही" असं डॉक्टरांचं पत्र, या दोन कागदांवर अमेरिकेला जाता येतं. म्हणून काका, बाळंतपण जुलैअखेर आणि तुम्ही 15 जूनला निघताय हे उत्तम केलंत, 20 जुलैचं तिकीट काढलं असतं तर मीच रद्द करा म्हटलं असतं.

इन्शुरन्स घेताना फक्त हप्ता किती ते विचारू नका. शुगर आधीपासून आहे, तिच्यामुळे अचानक काही झालं तर पैसे मिळणार का, कोविडचं हॉस्पिटल धरलंय का, आणि पहिले किती डॉलर आपल्या खिशातून जाणार, हे तीन प्रश्न एजंटला लेखी विचारा. "सगळं कव्हर आहे काका" हे उत्तर मानायचं नाही. गोळ्या मूळ पाकिटातच, इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडे कोणाला कळत नाहीत.

विमानात मास्क एन 95. अमेरिकेत 18 एप्रिलला कोर्टाने विमानातली सक्ती उडवली, त्यामुळे तिकडच्या कंपनीचं विमान असेल तर अर्धे लोक उघड्या तोंडाने दिसतील, तुम्ही काढू नका. जेवण आलं की शेजारी एकदम सगळे मास्क काढतात, तेव्हा तुम्ही ताट झाकून ठेवा, त्यांचं आटोपलं की मग जेवा. वरण-भात थोडा गार होईल. आणि व्हीलचेअर आधी फोन करून मागून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही, इमिग्रेशनची ती लांबलचक रांग गर्दीत उभं राहून काढण्यापेक्षा बरं. डिंकाचे लाडू न्या, पण तिकडच्या कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं सांगा, लपवू नका.

परत येताना एअर सुविधाचा (भारतात येणाऱ्यांसाठीचा सरकारी ऑनलाइन) फॉर्म भरून लसीचं सर्टिफिकेट अपलोड केलं की अमेरिकेहून येणाऱ्यांना टेस्ट लागत नाही. दर शंभरात दोघांचा स्वॅब उतरल्यावर घेतात, तुमचा नंबर लागला तर घाबरू नका.

प्रश्न: मुलगा ऑक्टोबरात एमएससाठी जर्मनीला जाणार आहे, त्याने कोव्हॅक्सिन घेतलीय आणि सगळे म्हणतात ती तिकडे चालत नाही. परत कोव्हिशील्ड घ्यायची का? (एक आई, नाशिक)

उत्तर: अजिबात नको! जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला 3 नोव्हेंबर 2021 लाच मान्यता दिली, युरोपातले बरेच देश मागे राहिले होते. जर्मनीने आता 1 जूनपासून प्रवासासाठी ती धरायचं ठरवलंय. तिसऱ्या डोसची 9 महिन्यांची अट परदेशी जाणाऱ्यांसाठी आपल्या सरकारने 12 मेला सैल केलीय, तो देश मागत असेल तर आधी मिळतो. त्याची एवढी काळजी करण्यापेक्षा व्हिसाच्या अपॉइंटमेंटची करा.

प्रश्न: दुबईला चार दिवस जातोय, मुंबई एअरपोर्टवर ती महागडी रॅपिड पीसीआर अजून करावी लागते का?

उत्तर: नाही, ती फेब्रुवारीतच गेली. क्यूआर कोडवालं लसीचं सर्टिफिकेट असेल तर आधीची पीसीआरपण नाही. प्रिंट मात्र काढून ठेवा, आणि फोन चार्ज करून निघा.