गोव्यात ट्रान्सपोर्ट डिस्पॅचचं काम शिकायचं असेल तर ऑनलाइन कोर्स करावा का?

तुमचं बी.कॉम. झालंय, घर फोंड्याला, वेर्ण्यात कुठेतरी डिस्पॅचला लागायचंय, आणि त्यासाठी ऑनलाइन दिसणारा ‘ट्रक डिस्पॅचर’ कोर्स घ्यावा का, असं विचारलंय. मी वेर्ण्यातल्याच एका कारखान्याच्या डिस्पॅचला, म्हणजे माल गाडीत भरून वेळेवर रवाना करण्याच्या कामाला आहे.

तो कोर्स आत्ता घेऊ नका. असे बरेचसे कोर्स अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना इथून रात्री बसून लोड, म्हणजे वाहून न्यायचा माल, शोधून द्यायला शिकवतात. तिथे ड्रायव्हरने सलग १० तास विश्रांती घेतली की १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, असा नियम आहे. हे काम करून पोट भरणारे लोक आहेत, पण वेर्ण्यातली गाडी वेळेवर सुटायला ते उपयोगाचं नाही.

इथे आधी ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेण्यासाठी जीएसटीत ऑनलाइन काढायचा कागद, पक्कं करा. माल ५०,००० रुपयांच्या वरचा असला की ते लागतं. भाग ‘अ’मध्ये इनव्हॉइस आणि माल, भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर. २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, ती भाग ‘ब’ पहिल्यांदा भरल्यापासून धरतात, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. वेर्णा ते चाकण चारशेच्या वर आणि सहाशेच्या आत पडतं, म्हणजे तीन दिवस. सोमवारी संध्याकाळी काढलेलं बिल गुरुवारी रात्री बारापर्यंत चालतं. वाटेत कोल्हापूरला गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला, तर ती हलण्याआधी भाग ‘ब’मध्ये नवा नंबर गेलाच पाहिजे. मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढीच सवड. हे ज्याला तोंडपाठ असतं, त्याला ऑफिसात कोणी नवखा म्हणत नाही.

मग रस्ते. बेळगावकडे जाणाऱ्या मोठ्या गाड्या अनमोड घाटाने जातात. तिकडेच जाणाऱ्या चोर्ला घाटात अवजड गाड्यांना अधूनमधून बंदी येते, आणि पावसात दरड आली की सगळा हिशेब बदलतो. गणेश चवथीच्या आधी रस्त्यावर गर्दी किती असते हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला, वेळ सांगताना सढळ हाताने सांगा. मुंबईकडून येणाऱ्या ट्रकसाठी कोकण रेल्वेची रो-रोही आहे. १९९९ पासून ती कोलाडहून भरलेले ट्रक वॅगनवर चढवून वेर्ण्याला आणते. अशा वेळी गाडीची उंची आधी विचारून घ्यावी.

खरं शिक्षण मात्र गेटवर होतं. गाडी लागली की आत चढून बघायचं. फळी ओली आहे का, पत्र्याला भोक आहे का, आधीच्या फेरीत काय भरलं होतं? मासळी उतरवून आलेल्या गाडीत औषधाची खोकी भरलीत तर माल परत आलाच समजा. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट आणि ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याच्या तारखा बघा. गाडीच्या दाराला सील लावलं की त्याचा नंबर एलआरवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या माल-पावतीवर) लिहून फोटो काढा. पलीकडे उतरवताना माल कमी निघाला तर हा फोटोच तुमच्या बाजूने बोलतो.

ड्रायव्हरशी नीट वागा, हे मी कळकळीने सांगतो. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला लगेच दुसऱ्या फेरीवर पाठवायचा दबाव वरून येतो. तेव्हा ‘गाडी उद्या सुटेल’ हे वरिष्ठांना स्पष्ट सांगता आलं पाहिजे. अनमोडच्या वळणांवर डुलकी लागलेला ड्रायव्हर म्हणजे कुणाचा तरी जीव. हिंदी बरी असू द्या, जमलं तर थोडं कानडीही शिका.

कागद हवाच असेल तर लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रं आहेत, आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर अधूनमधून जागा येतात. मी अप्रेंटिसशिपच सुचवेन. थोडे पैसेही मिळतात आणि गेटवर उभं राहायला मिळतं. एक्सेल घरी बसून शिका, त्यासाठी फी भरू नका.

मुलाखतीत एक गोष्ट आवर्जून विचारा. लोडिंग लांबलं की सुटायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात, आणि तेव्हा वेर्ण्याहून फोंड्याला बस मिळेलच असं नाही. कंपनीची गाडी घरी सोडते का, हे आधीच विचारून घ्या.