अंतराळ शर्यत वाचायला घेताय? अपोलोपासून सुरुवात नको

नवीन माणूस थेट अपोलो ११ वर उडी मारतो. माझं ऐका, आधी १९६१ ते १९६६ नीट वाचून काढा.

व्होस्टोक १ घ्या, माणसाला अंतराळात नेणारं पहिलं यान, सोव्हिएत संघाचं. १२ एप्रिल १९६१, १०८ मिनिटं, पृथ्वीभोवती एक फेरी, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्यातला अंतराळवीर युरी गागारिन यानात बसून उतरलाच नाही. साधारण ७ किलोमीटर उंचीवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटने सारातोव भागातल्या शेतात उतरला. विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानासह उतरायचं होतं, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट कित्येक वर्षं दडवली. तेव्हा त्यांची त्या काळातली निवेदनं वाचताना काय गाळलंय ते आधी शोधा.

पुढचं सोव्हिएत यान व्होस्खोद १ तर कहरच! ऑक्टोबर १९६४ मध्ये तिघांना कोंबायचं म्हणून स्पेससूटच काढून टाकले, बाहेर फेकणारी आसनंही नाहीत. अमेरिकेचं दोघांचं जेमिनी उडायच्या आत बाजी मारायची घाई, दुसरं काय.

एक वही करा, दोन्ही देशांच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन अॅलन शेपर्ड, त्याचं उड्डाण ५ मे १९६१, जेमतेम १५ मिनिटं, कक्षेत न जाता. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी चंद्राचं लक्ष्य अमेरिकेच्या संसदेपुढे मांडलं २५ मे रोजी. तोवर अमेरिकेच्या गाठीशी मानवी उड्डाणाचा अनुभव होता तो एवढाच.

मग जेमिनी ८, मार्च १९६६. थ्रस्टर (यान वळवणारं छोटं इंजिन) बिघडून यान गरगरायला लागलं तेव्हा कमांडर होता नील आर्मस्ट्राँग.