एप्रिलअखेरीस तीर्थन नदीवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग जमेल का?

मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात जाणार आहात, आणि तेव्हा पाणी फ्लाय फिशिंगजोगं (फ्लाय म्हणजे किड्यासारखं दिसणारं बनावट आमिष, त्याने मासा धरण्याजोगं) असतं की मार्चच गाठायला हवा होता, असा तुमचा प्रश्न आहे. एप्रिलअखेरीस नक्की जमतं, पण दिवसाचं वेळापत्रक पूर्ण बदलावं लागतं.

ब्राउन ट्राउट हा तिथला थंड पाण्यातला मासा हिवाळ्याच्या तोंडाला अंडी घालतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे गळ टाकायला बंदी असते. 1 मार्चला हंगाम उघडतो तेव्हा नदी रोडावलेली, काचेसारखी नितळ आणि बर्फगार असते. सकाळी मासा सुस्त असतो. ऊन पात्रात उतरून पाणी आठ-नऊ अंशांच्या वर सरकलं की तो खायला लागतो. त्यामुळे मार्चमध्ये अकरा ते तीन ही वेळ सोन्याची. एप्रिलअखेर चित्र उलटं होतं. वरच्या डोंगरांवरचं बर्फ दिवसभराच्या उन्हाने वितळतं आणि ते पाणी काही तासांनी खाली खोऱ्यातल्या गुशैनी गावापर्यंत पोचतं. दुपारनंतर नदी फुगते, रंग दुधट-करडा होतो, तापमानही फारसं चढत नाही. रात्री डोंगर पुन्हा गारठला की पहाटेपर्यंत पाणी उतरतं आणि निवळतं. म्हणून उजाडल्यापासून साधारण अकरापर्यंतचा वेळ तुमचा. नंतर जेवण, झोप, मुलांबरोबर भटकंती.

एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. दहा ते सोळा अंश हा ट्राउटच्या भुकेचा पट्टा. माझ्या मते महागड्या रीलपेक्षा हे स्वस्त यंत्र नवख्याला जास्त शिकवतं.

पावसाबद्दल बरेच जण विचारत नाहीत, पण वसंतात तिथे पश्चिमेकडून येणारे ढग वरचेवर बरसतात. खोऱ्यात जोराचा पाऊस झाला तर नदी काही तासांत गढूळ होते आणि निवळायला एखाद-दोन दिवस घेते. तोच पाऊस वर बर्फ म्हणून पडला आणि थंडी टिकली, तर वितळणंच थांबतं, पाणी उतरतं आणि पुढची सकाळ फार सुंदर मिळते. हॉटेलवाल्याला नुसतं ‘पाऊस आहे का’ विचारू नका, ‘वर बर्फ पडलं का’ हेही विचारा. गुशैनीजवळ फलाचन ही उपनदी तीर्थनला मिळते. दोन्ही प्रवाह एकाच वेळी सारखे गढूळ असतातच असं नाही, म्हणून संगमावर उभं राहून दोन्हींचा रंग बघा आणि मग कुठल्या काठाने वर जायचं ते ठरवा.

वाढलेल्या पाण्यात मासा मधल्या धारेत ताकद घालवत नाही. तो काठाला सरकतो, मोठ्या धोंड्याच्या मागच्या शांत पाण्यात उभा राहतो आणि वाहत येणारं अन्न टिपतो. नवखे लोक आल्या आल्या गुडघाभर पाण्यात शिरतात आणि मासे ज्या पट्ट्यात असतात तोच तुडवतात! आधी काठापासून दोन हात मागे राहून फ्लाय टाका.

चार किंवा पाच नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा) नऊ फुटी रॉड पुरतो. मुठीएवढे दोन-चार दगड उलटून बघा: खाली चिकटलेल्या अळ्या ज्या रंगाच्या नि आकाराच्या, तशीच निम्फ फ्लाय (पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी) बांधा. फेझंट टेल किंवा हेअर्स इअर नावाची निम्फ, हुक बारा ते सोळा नंबर, डोक्याला जड मणी असलेली. पाण्याला वेग असतो, त्यामुळे फ्लाय तळाशी पोचली नाही तर सगळी मेहनत वाया. पाणी गढूळलं असेल तर काळी किंवा गडद हिरवी वूली बगर (मोठी, केसाळ फ्लाय) लावा आणि जाड टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा दोरा) घ्या. अशा पाण्यात माशाला बारीक निम्फ दिसतच नाही. ढगाळ सकाळी पृष्ठभागावर माशा उठताना दिसल्या तरच ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) काढा.

हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा ओल्या हाताने धरा आणि पाण्यातच सोडा. बारीक गोट्यांच्या उथळ पट्ट्यांवरून चालू नका, वसंतात ट्राउटची नुकती जन्मलेली पिल्लं त्या गोट्यांतच असतात.

तीर्थनवर मोठं धरण नाही, त्यामुळे तिची चढ-उतार निसर्गाच्या लयीत होते. लारजीला ती बियासला मिळते आणि तिथून हिशेब बदलतो. 2014 च्या जूनमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. मोह झाला तरी धरणाखालच्या बियासमध्ये उतरू नका. तीर्थनमध्येही मुलांना दुपारनंतर पात्रातल्या धोंड्यांवर बसू देऊ नका. सकाळी कोरडा असलेला धोंडा संध्याकाळी पाण्याने वेढला जातो.

परवाना मत्स्य विभागाकडून आधीच काढा. कुठला पट्टा खुला आहे, किती लांबीचा आणि किती मासे ठेवता येतात हे तेव्हाच विचारून घ्या. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या हद्दीत रॉड नेऊ नका. तारखा थोड्या अलीकडे ओढता आल्या तर एप्रिलचा दुसरा आठवडा मी जास्त पसंत करेन, कारण तेव्हा पाणी ऊबदार व्हायला लागलेलं असतं आणि वितळलेल्या बर्फाचा लोंढा अजून जोरात आलेला नसतो.