टिश्यू कल्चरने स्ट्रॉबेरीची रोपं खरंच व्हायरसमुक्त होतात का?

होतात, पण प्रयोगशाळेत बाटलीत वाढवली म्हणून नव्हे, तर रोपाचा नेमका कुठला तुकडा घेतला त्यामुळे. रनरच्या, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या फुटव्याच्या, शेंड्याचं अगदी टोक, म्हणजे मेरिस्टेम, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. तिथे पेशी भराभर विभागत असतात आणि अन्नरस नेणाऱ्या नळ्या अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू सहसा तिथवर पोचत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक कापून पोषक जेलीवर वाढवतात. खरी गोम मापात आहे: तुकडा मोठा घेतला तर जगतो छान, पण विषाणूही सोबत येऊ शकतो, फार लहान घेतला तर बहुतेकदा काळा पडून मरतो. म्हणून अनेकदा मातृरोप, म्हणजे ज्यापासून तुकडा घ्यायचा ते रोप, आधी काही आठवडे ३७-३८ अंश सेल्सिअसला ठेवतात; उष्णतेने विषाणूची वाढ मंदावते. महाबळेश्वर-पाचगणीकडे मातृरोपांच्या रनरपासून रोपं करतात, तशात आईचा विषाणू थेट पिल्लात उतरतो.

मात्र व्हायरसमुक्त म्हणजे व्हायरसरोधक नव्हे. शेतात मावा (रस शोषणारा, विषाणू पसरवणारा कीटक) आला की लागण पुन्हा होऊ शकते, म्हणून मातृरोपं कीटकरोधक जाळीतच ठेवा. आणि रोपं घेताना मातृरोपांच्या एलायझा किंवा पीसीआर (प्रयोगशाळेत विषाणू शोधणाऱ्या) चाचणीचा अहवाल मागा. नुसत्या ‘टिश्यू कल्चर’ लेबलला अर्थ नाही.