घराजवळ मैदान असेल तर मुलांचं बसून राहणं कमी होतं का?

थोडंफार होतं, पण नुसत्या मैदानाने नाही. तिथवरचा रस्ता मूल एकटं पार करू शकतं का, यावर बरंच अवलंबून असतं. मैदान पाच मिनिटांवर असलं, पण मधे सिग्नल नसलेला चौपदरी रस्ता असला, तर आईबाबांपैकी कुणाला तरी वेळ मिळेपर्यंत मूल सोफ्यावरच. म्हणून वाहतूक, फुटपाथ, संध्याकाळचे दिवे आणि पालकांना वाटणारी सुरक्षितता या गोष्टी अभ्यासांत वारंवार पुढे येतात. खालून हाक मारणारी दोन-चार मुलं असली तर आणखी उत्तम (माझ्या मते हे झोपाळ्या-घसरगुंडीपेक्षा मोलाचं).

मात्र खेळणं आणि बसणं हे एकाच तराजूची दोन पारडी नाहीत. जागेपणी बसून किंवा लोळून, फार कमी ऊर्जा खर्च होत असते तो सगळा वेळ बैठा धरतात. तासभर फुटबॉल खेळलेलं मूलही उरलेला दिवस वर्ग, गृहपाठ आणि मोबाइल यांत बसून काढू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ५ ते १७ वयोगटासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल आणि बैठा वेळ, विशेषतः करमणुकीचा स्क्रीनटाइम, मर्यादित ठेवणं असं दोन्ही वेगवेगळं सांगितलंय. परिसराचा संबंध हालचालीशी जितका स्पष्ट दिसतो, तितका बसण्याशी दिसत नाही. शिवाय बरेच अभ्यास एकाच वेळच्या पाहणीवर आधारलेले आहेत. खेळकर कुटुंबं मुळात मोकळी वस्ती निवडत असतील, तर श्रेय वस्तीला देता येत नाही.