लायब्ररी मुक्तस्रोत करताना एमआयटी परवाना घ्यावा की जीपीएल?

आपली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरण्यासाठी लिहिलेला कोड, कोणी बंदिस्त (कोड न उघडलेल्या) उत्पादनात घातली आणि तिच्यात केलेले बदल न उघडता ते उत्पादन विकले, तर आपल्याला चालेल का, हे आधी ठरवावे. चालत असेल तर एमआयटी किंवा अपाची २.० हा सैल अटींचा परवाना घ्यावा; माझा कल अपाचीकडे आहे, कारण योगदान देणाऱ्याचे संबंधित पेटंट वापरण्याची परवानगी त्यात स्पष्ट शब्दांत दिलेली असते, आणि एमआयटीच्या मोजक्या परिच्छेदांत पेटंटचा उल्लेखही नाही. लायब्ररीतले बदल उघडे राहावेत, पण ती वापरणारा प्रोग्रॅम बंदिस्त असला तरी हरकत नसेल, तर एलजीपीएल. वापरणारा प्रोग्रॅमही बंदिस्त नको असेल तर जीपीएल ३, कारण त्यात असा प्रोग्रॅम वितरित करताना त्याचाही कोड उघडावा लागतो.

त्याआधी आपण वापरलेल्या इतर लायब्ररींचे परवाने अवश्य तपासावेत, कारण केवळ जीपीएल २ (जीपीएलची आधीची आवृत्ती) खाली असलेला कोड अपाची २.० च्या कोडशी जोडून वितरित करता येत नाही, आणि ही अडचण पुष्कळांच्या फार उशिरा लक्षात येते. परवाना न जोडता कोड नुसता सार्वजनिक केला, तर हक्क लेखकाकडेच राहतात. इतरांचे योगदान स्वीकारल्यानंतर परवाना बदलायला सामान्यतः त्या प्रत्येकाची संमती लागते; म्हणून पहिल्याच कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातल्या पहिल्या नोंदीत) परवान्याचा संपूर्ण मजकूर स्वतंत्र फाईलमध्ये ठेवावा.